आपलं ‘थंड’ पाणी तेवढं थंड नसतंच : वॉशिंग मशीनचा हीटर, डाग आणि लाइट बिल

घरात फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर एक करा, कॉटनचा प्रोग्राम लावा आणि स्टार्ट न दाबता नुसतं डिस्प्लेवर बघा तापमान किती येतंय. बऱ्याच मशीनमध्ये 40 येतं, काहींमध्ये 60. हे आपण निवडलेलं नसतं, मशीन बनवणाऱ्यांनी आधीच लावून दिलेलं असतं, आणि सकाळच्या गडबडीत ते बघायला वेळ कुणाला आहे, कपडे कोंबायचे, पावडर टाकायची, स्टार्ट दाबायचं आणि डब्याच्या तयारीला लागायचं. मग ड्रमच्या खाली बसवलेला हीटर चालू होतो. साधारण दोन किलोवॉटचा, म्हणजे बाथरूममधल्या गीझरमध्ये असतो तेवढ्याच ताकदीचा. आणि एकदाच घातलेल्या कुर्त्यांसाठी, ऑफिसच्या शर्टांसाठी तो रोज पाणी तापवत बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत, वर्षातले बहुतेक दिवस, या हीटरची गरज नाही. तापमानाचं बटण दाबून ‘कोल्ड’ किंवा 20 वर आणायचं, काही मशीनवर तिथे नुसती बर्फाची खूण किंवा दोन आडव्या रेघा असतात, की झालं. कपडे तेवढेच स्वच्छ निघतात. ते का निघतात, कधी निघत नाहीत आणि यात वीज नक्की किती वाचते हे नीट समजून घेतलं तर मनात धाकधूक राहत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सेमी-ऑटोमॅटिकवाले, साधं टॉप लोड वापरणारे आणि हाताने धुणारे, तुम्ही आधीपासूनच नळाच्या पाण्यात धुताय (हल्ली काही टॉप लोडमध्येही हीटर येतो, ते सोडून). तुमच्या कामाचं डागांच्या भागात जास्त आहे.

आधी गणित

एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला 1.16 वॉट-तास वीज लागते. हा आकडा पाण्याचा आहे, मशीनचा नाही, त्यामुळे मशीन फाइव्ह स्टार असो की वन स्टार, हीटरने तापवायचं म्हटलं की तेवढी वीज जाणारच. आणि 1000 वॉट-तास म्हणजे आपल्या बिलावरचं एक युनिट.

आता फ्रंट लोड मशीन एका धुण्याला सगळं मिळून 50-60 लिटर पाणी घेत असलं तरी त्यातलं तापवतं फक्त पहिलं, साबणाचं पाणी, ते साधारण 15 लिटर. नंतरचं खळबळायचं पाणी थंडच असतं, म्हणजे तुम्ही 60 वर धुतले तरी कपडे बाहेर काढताना गारच लागतात. तर हे 15 लिटर 25 डिग्रीवरून 40 वर न्यायचं, 15 गुणिले 15 गुणिले 1.16, झाले 260 वॉट-तास. शिवाय आतले कपडे तापतात, स्टीलचा ड्रम तापतो, थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून 0.3 युनिट धरा. 60 डिग्रीला 0.7 च्या आसपास. आणि ज्या प्रोग्राममध्ये 90 किंवा 95 डिग्री असतं तिथे सव्वा युनिटपर्यंत. ड्रम फिरवणं, पाणी उपसणं, शेवटी पिळणं, या सगळ्याला मिळून 0.15 ते 0.2 युनिट पुरतं. म्हणजे 40 ला निम्म्याहून जास्त आणि 60 ला तीन चतुर्थांशाहून जास्त वीज नुसती पाणी तापवण्यात जाते, धुण्यात नाही.

हे कागदावरचं वाटत असेल तर मीटरपाशी जाऊन बघा, फार छान दिसतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी 3200 किंवा 1600 असा काहीतरी आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटला तो दिवा इतक्या वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा थोडा वेळ, आणि मशीन 40 वर लावा. सुरुवातीला मशीन पाणी भरतं, ड्रम इकडून तिकडे फिरवतं, तेव्हा 3200 वाल्या मीटरचा दिवा पाच-सहा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. मग हीटर लागतो, आणि तोच दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकायला लागतो. मशीनच्या आवाजात काही फरक पडत नाही, बाहेरून काही कळत नाही, पण मीटरवर दहापट फरक असतो. मग आठ-दहा मिनिटांनी हीटर बंद होतो आणि दिवा परत संथ. ‘कोल्ड’ लावलं की मधला वेगवान भाग येतच नाही.

पैशात बघायचं तर, रोज एक धुणं 40 वर असेल तर महिन्याला नऊ युनिट हीटरची, 60 वर असेल तर वीस. सगळे आकार धरून युनिटला दहा-बारा रुपये पकडले तर 40 वाल्यांचे महिन्याला शंभराच्या आसपास, 60 वाल्यांचे दोनशे ते अडीचशे. यात कुणी श्रीमंत होणार नाही, ते मान्य. पण एक लक्षात घ्या, महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 युनिट असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा, चढता. वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महागडं वाचतं. ज्यांचा वापर उन्हाळ्यात एसीमुळे 300 युनिटच्या आसपास घुटमळतो त्यांनी हे नक्की बघावं.

आणि बिलापलीकडचंही आहे. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, ही सगळी कोळशावरची केंद्रं. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला नऊ युनिट म्हणजे सहा किलोच्या वर, वर्षाला पंच्याहत्तरच्या आसपास, एका घराचं, आणि तेही ज्या कामासाठी गरज नव्हती त्यासाठी. चंद्रपूरच्या लोकांना तिथली राख आणि धूर रोज सोसावा लागतो. पुण्या-मुंबईत आपण बटण दाबतो तेव्हा ते डोळ्यासमोर येत नाही, पण यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तो 90 टक्क्यांचा आकडा

इंटरनेटवर सगळीकडे एक वाक्य फिरतं, की वॉशिंग मशीनची 90 टक्के वीज पाणी तापवण्यात जाते, म्हणून थंड पाण्यात धुवा आणि 90 टक्के वाचवा. हा आकडा अमेरिकेचा आहे, तिथल्या एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या माहितीतही तो येतो. तिथल्या जुन्या मोठ्या टॉप लोड मशीन एका धुण्याला दीडशे लिटरच्या आसपास पाणी घ्यायच्या, घरात गरम पाण्याची मोठी टाकी कायम तापलेली, तिथून गरम पाण्याचा पाइप थेट मशीनला, आणि नळाचं मूळ पाणी बर्फासारखं गार. मग 90 टक्के होणारच. आपल्याकडे नव्या फ्रंट लोडमध्ये पाणी कमी, त्यात ते मुळात कोमटाच्या जवळ, त्यामुळे प्रमाण वर सांगितलं तसं पडतं. वाचतंच, पण तुमच्या मशीनला तिकडचा आकडा जसाच्या तसा लावू नका. ज्यांच्याकडे साधं टॉप लोड आहे त्यांना तर कुणी हे वाक्य सांगून घाबरवूही नये, त्यांच्या मशीनमध्ये तापवायला काही नाहीच.

गरम पाणी नक्की करतं काय

हेर्बर्ट सिनर नावाचा एक रसायनतज्ज्ञ जर्मनीतल्या हेन्केल कंपनीत होता. त्याने 1959 मध्ये धुण्याचं सगळं शास्त्र एका वर्तुळात बसवलं, आजही लॉन्ड्रीच्या धंद्यात त्याला सिनरचं वर्तुळ म्हणतात. मळ निघायला चार गोष्टी लागतात: रसायन (साबण), घासणं-आपटणं (हात, कपडे बडवायचा लाकडी धोका, ड्रम), तापमान आणि वेळ. चारही मिळून वर्तुळ पूर्ण व्हायला पाहिजे, एक कमी केली की दुसरी वाढवा. बस, एवढंच. पण एकदा हे डोक्यात बसलं की धुण्याबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरणार्थ, जुन्या काळी पांढरे कपडे सोडा टाकून पातेल्यात उकळायचे आणि धोबी भट्टी लावायचे, ते का? कारण तेव्हा रसायन दुबळं होतं. नुसता साबण, त्यात विहिरीचं जड पाणी, साबण त्या क्षारांशी मिळून पांढरट साका व्हायचा आणि मळ तसाच. मग रसायनात जे कमी पडलं ते तापमानाने आणि धोक्याने भरून काढायचं. आपल्या आज्या जे करायच्या ते त्यांच्या साबणासाठी बरोबरच होतं. आता साबण बदललाय आणि सवय मात्र राहिलीय.

किंवा हे बघा, मशीनवरचा ‘इको’ प्रोग्राम तीन-साडेतीन तास का चालतो? लोक वैतागतात, इको म्हणतात आणि एवढा वेळ? तिथे तापमान कमी केलंय आणि वेळ वाढवलाय, वर्तुळ पूर्ण करायला. ड्रम हळू हळू फिरवत राहायला वीज फार लागत नाही, पाणी तापवायला लागते, म्हणून जास्त वेळ चालूनही इकोला वीज कमी.

मग आता रसायनात असं काय आलं की गरम पाणी सोडून देता येतं? एन्झाइम. पोटात अन्न पचवणारे जे पदार्थ असतात त्याच जातीचे. घाम, रक्त, दूध, अंडं यातल्या प्रथिनांचे तुकडे करतो तो प्रोटीएज, भाताची पेज, बटाटा, ग्रेव्ही यातल्या स्टार्चवर चालतो तो अमायलेज, तेलातुपावर लायपेज, आणि सुती कापडावर सुटलेली तंतूंची लव साफ करून रंग ताजा ठेवतो तो सेल्युलेज. ओटो ऱ्योम नावाच्या जर्मन माणसाने 1913 मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क कपडे धुवायला वापरायचं पेटंट घेतलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली, पण तो अर्क साबणात फार टिकायचा नाही. 1960 च्या दशकात जिवाणूंपासून मिळणारे दणकट एन्झाइम आले, 1988 मध्ये डेन्मार्कच्या नोवो कंपनीने डिटर्जंटसाठीचा लायपेज बाजारात आणला, आणि त्यानंतर थंड पाण्यात चालतील असे एन्झाइम मुद्दाम घडवले गेले. पाकिटामागे घटक वाचा, ‘एन्झाइम’ लिहिलेलं असेल तर थंड पाण्याच्या दृष्टीने ते चांगलं.

यात महत्त्वाचं म्हणजे एन्झाइम ही स्वतः प्रथिनंच असतात. फार तापवलं की ती बिघडतात. 60 च्या वर बरीचशी निकामी व्हायला लागतात. म्हणजे महागडी एन्झाइमची पावडर आणायची आणि 90 वर धुवायचं यात आपण पैसे दोनदा घालवतो, एकदा दुकानात आणि एकदा मीटरवर.

आणि आता आपलं पाणी

हा भाग कुणी फारसा सांगत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जर्मनी, इंग्लंडमध्ये नळाचं पाणी 10-15 डिग्री असतं, हिवाळ्यात अजून खाली. तिथे 30 डिग्रीवर धुवा असा प्रचार करावा लागला, युरोपात तर नियमच आहे, डिसेंबर 2013 पासून तिथल्या घरगुती मशीनमध्ये 20 डिग्रीचा प्रोग्राम द्यावाच लागतो. म्हणजे त्यांच्या भाषेत 20 म्हणजे थंड आणि 30 म्हणजे काटकसर.

आता मुंबई-कोकण-गोव्यात नळाला येणारं पाणी बघा, वर्षातला बराच काळ 25 ते 28-29. म्हणजे आपण हीटर न लावता ‘कोल्ड’वर धुतो ते त्यांच्या 30 च्या धुण्याजवळच जातं, फुकटात. आणि गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीचं तर काय सांगावं. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात दुपारी नळ सोडला की हात भाजतो, पाणी 40 च्या घरात असतं. तिथे ‘कोल्ड’ लावलं तरी धुणं 40 चंच होतंय. अशा घरात मशीन 40 वर ठेवलं तरी हीटर फारसा चालणार नाही हे खरं, पण 60 वर असेल तर चालेल, आणि कपड्यांचा रंग उडेल तो वेगळाच.

उलट बाजूही सांगतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, महाबळेश्वरकडे सकाळी टाकीतलं पाणी 15-18 पर्यंत उतरतं. तिथे फरक पडतो, कारण तापमान दहा डिग्रीने उतरलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो असा ढोबळ नियम आहे. मग काय करायचं? वर्तुळ आठवा: वेळ वाढवा. छोटा प्रोग्राम न लावता मोठा लावा, किंवा तासभर भिजवून ठेवा. आणि त्याहून सोपं, हिवाळ्यात मशीन सकाळी सातला न लावता दुपारी लावा, तोवर टाकीवर ऊन पडून पाणी चांगलं सात-आठ डिग्रीने वर आलेलं असतं. घरी कुणी नसेल तर मशीनवर डिले स्टार्टचं बटण असतंच.

जर्मनीत, कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांनी मात्र इथला सल्ला सरसकट लावू नये, तुमच्याकडे ‘कोल्ड’ म्हणजे खरंच गार. तिथे रोजच्या कपड्यांना 20 किंवा 30 लावा, तरी 60 च्या तुलनेत भरपूर वाचतं. जपानमध्ये मात्र वर्षानुवर्षं लोक नळाच्या गार पाण्यातच धुतात, आणि बऱ्याच घरांत अंघोळीच्या टबातलं उरलेलं कोमट पाणी मशीनला वापरतात, ते मला फार आवडतं.

डाग

रक्ताचा डाग कायम थंड पाण्यात. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन गोठून धाग्यात घट्ट बसतं आणि मग काही केल्या निघत नाही. दूध, अंडं, लहान बाळाची ओकारी, सगळ्यांना हाच नियम. म्हणजे इथे थंड पाणी ही तडजोड नाही, तेच बरोबर आहे.

तेल-तुपाचं उलट. खोबरेल 24 डिग्रीच्या आसपास घट्ट होतं, तूप आणि वनस्पती तूप (डालडा) तर 30-35 पर्यंत घट्टच राहतं. पुरणपोळीवरचं तूप शर्टावर सांडलं आणि तो शर्ट नुसता कोल्डवर टाकला तर डागाची सावली राहणार. यासाठी अख्खं मशीन तापवायची गरज नाही पण. डागावर भांडी घासायचं लिक्विड थेंबभर कोरडंच लावा, म्हणजे पाणी न लावता, बोटाने चोळा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मग मशीनमध्ये टाका. कॉलरच्या मळाचंही तसंच, तो मळ म्हणजे अंगाचं तेल आणि धूळ, तिथे आधी थोडं लिक्विड डिटर्जंट चोळलं की काम होतं. एका कॉलरसाठी 15 लिटर पाणी तापवण्यात अर्थ नाही.

हळदीचा डाग साबण लागल्यावर लालभडक होतो ते बघून लोक घाबरतात. घाबरू नका, हळदीतलं कर्क्युमिन क्षाराला लाल होतं, नीट खळबळलं की परत पिवळं. आणि हा पिवळा डाग गरम पाण्यापेक्षा उन्हाने जातो. धुवून ओला असतानाच कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिका पडत जातो. उन्हाएवढं चांगलं औषध हळदीला नाही.

चहाचा डाग आणि पिवळट पडलेले पांढरे कपडे, इथे गरम पाण्याची बाजू थोडी बळकट आहे. पावडरमधलं ऑक्सिजन ब्लीच 40 च्या वर जोमाने काम करतं. थंड पाण्यात करायचं तर तेच ब्लीच टाकून बादलीत रात्रभर भिजवा.

पावडरबद्दल एक तक्रार खरी असते: थंड पाण्यात काही पावडरी नीट विरघळत नाहीत आणि काळ्या कपड्यांवर पांढरे ठिपके राहतात. लिक्विड वापरा, नाहीतर पावडर आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घ्या. आणि मुळात पावडर कमी टाका, बरेच जण दुप्पट टाकतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर पावडर दुप्पट करण्यापेक्षा चमचाभर धुण्याचा सोडा घालून बघा, तो त्यातले क्षार बाजूला काढतो आणि साबणाला काम करू देतो. फक्त रेशीम आणि लोकरीला सोडा नको.

कपड्यांच्या आत शिवलेल्या पट्टीवर टबाचं चित्र आणि 40 आकडा असतो, त्याचा अर्थ ‘40 वर धुवा’ असा नाही. ‘40 च्या वर नेऊ नका’ असा आहे. 25 वर धुतलं तर कपड्याला काही होत नाही, उलट बरं. लीड्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात 25 डिग्रीला अर्धा तास धुतलेल्या कपड्यांतून, 40 डिग्रीला 85 मिनिटं धुतलेल्यांपेक्षा बरेच कमी धागे-तंतू सुटले, आणि रंगही कमी गेला. हे तंतू ड्रेनेजमधून नदीत जातात, त्यात पॉलिएस्टरचे तर प्लास्टिकच असतात.

60 कधी लावायचं

लावायचं, जरूर लावायचं. घरात कुणी आजारी असेल, उलट्या-जुलाबाचे कपडे असतील, अंथरुणावरच्या माणसाच्या चादरी, बाळाच्या लंगोट, यांना 60. धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असेल, सकाळी उठल्या उठल्या शिंका आणि दम लागत असेल, तर चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा 60 वर, कारण हे किडे थंड पाण्यात मरत नाहीत. घरात खरूज झाली तर अंगावरचे कपडे, टॉवेल, पांघरुणं गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला, सोबत डॉक्टरांनी दिलेलं औषध सगळ्या घराने. इथे वीज वाचवायची नाही. वाचवायची ती रोजच्या शर्ट-कुर्त्यांवर.

आणि मशीनसाठी. कायम थंड पाणी आणि जास्त साबण असेल तर दाराच्या रबरी गॅस्केटमध्ये आणि ड्रमच्या मागे बुळबुळीत काळा थर साठतो, मग धुतलेल्या कपड्यांना कुबट वास यायला लागतो. म्हणून महिन्यातून एकदा मशीन रिकामं, 60 किंवा 90 वर, ड्रम क्लीन. त्याला एक-सव्वा युनिट जातं, जाऊ दे. गॅस्केटची घडी उलटून कोरड्या फडक्याने पुसा आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा. जड पाण्याच्या भागात थंड धुण्याचा अजून एक फायदा, पाणी जितकं तापेल तितका हीटरवर पांढरा क्षार जमतो, आणि हीटर जळायचं ते एक मोठं कारण असतं. कमी तापवलं की हीटर जास्त वर्षं टिकतो.

धुण्यापेक्षा वाळवणं महाग

हल्ली वॉशर-ड्रायर खूप घरांत आलेत, विशेषतः मुंबईत जिथे बाल्कनी नाही. इथे आकडे एकदम मोठे होतात. एक लिटर पाण्याची वाफ करायला 0.63 युनिट लागतं, हेही निसर्गाचं गणित. पाच किलो सुती कपडे पिळल्यावरही त्यांच्यात अडीच-तीन लिटर पाणी असतं. म्हणजे हीटरवाल्या ड्रायरने वाळवायला दोन युनिट, प्रत्यक्षात त्याहून जास्त. थंड पाण्यात धुवून जे 0.3 वाचवलं त्याच्या सहा-सातपट एका वाळवण्यात गेलं.

म्हणून पिळण्याचा वेग वाढवा. 800 ऐवजी 1200 लावलं तर पाच किलो कपड्यांतून अर्धा-पाऊण लिटर पाणी जास्त निघतं, आणि त्याला मोटरची वीज लागते जेमतेम 0.05 युनिट. तेच पाणी उष्णतेने काढायला 0.4 च्या आसपास लागलं असतं. पातळ आणि नाजूक कपडे सोडून बाकी सगळ्यांना हे चालतं, सुरकुत्या थोड्या जास्त पडतात, बाहेर काढल्या काढल्या झटकून वाळत घातले की कमी होतात.

पावसाळ्यात तर प्रश्न मोठाच. जुलैत कोकणात चार चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे लोक ड्रायरकडे वळतात ते काही हौस म्हणून नाही. पण आधी 1200 ला पिळून, घरात दांडीवर दोन कपड्यांमध्ये चार बोटं जागा सोडून, वर पंखा लावून बघा. साधा 75 वॉटचा पंखा रात्रभर आठ तास चालला तरी 0.6 युनिट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर पाव युनिट. टॉवेल आणि जीन्स पंख्याच्या बरोबर खाली, जीन्स आतली बाजू बाहेर करून आणि खिसे बाहेर ओढून, नाहीतर सकाळी बाकी सगळं कोरडं असतं आणि खिसे तेवढे ओले.